विषुवदिनाला गच्चीवर काठी उभी कर

आकाशदर्शनाचं अॅप नंतर उघड. 20 किंवा 21 मार्चला, म्हणजे सूर्य बरोबर विषुववृत्तावर असतो त्या विषुवदिनी, गच्चीवर एक मीटरची काठी उभी कर, ओळंबा धरून. दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करत जा. एरवी या खुणा वक्र रेषेत पडतात. विषुवदिनी मात्र सरळ पश्चिम-पूर्व ओळीत येतात. सर्वांत आखूड सावली बाराला शोधू नकोस. ती मुंबईत पाऊणच्या सुमारास मिळते, कारण आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशाचं, आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला. लांबी भरेल साधारण 34 सेंटिमीटर. सावलीला काठीच्या लांबीने भाग, आलेला आकडा म्हणजे अक्षांशाचा टॅन्जंट. त्यातूनच आपला 19 अंश अक्षांश निघतो, बघ करून!

त्या दिवशी ओळ सरळ का येते, याचं कारण सोपं आहे. पृथ्वीचा आस 23.5 अंश कललेला. वर्षातून दोनदाच तो ना सूर्याकडे झुकलेला असतो, ना उलट बाजूला. सूर्य तेव्हा विषुववृत्ताच्या डोक्यावर. दुसरी संधी 22-23 सप्टेंबरला, पण तेव्हा ढगांचा भरवसा नाही.

‘दिवस-रात्र अगदी समान’ हे घोकू नकोस. मीही वर्षानुवर्षं तेच सांगत फिरलो. वातावरण किरण वाकवतं, शिवाय उगवती-मावळती मोजतात ती सूर्याच्या वरच्या कडेवरून. म्हणून त्या दिवशी मुंबईत दिवस बारा तासांहून सुमारे सात मिनिटं मोठा असतो. संध्याकाळी होकायंत्र घेऊन जुहूला ये, सूर्य नेमका पश्चिमेला बुडताना दाखवतो.