भारतात ज्यूंचा छळ झाला नाही, तर ते मायदेश सोडून इस्रायलला का गेले? आणि गेलेले परत का येत नाहीत?

परत येत नाहीत हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी आलोय. 1999 साली, दोन बॅगा आणि इथूनच नेलेला मिक्सर घेऊन. माझे आजोबाही आले होते, 1952 ला. माझा थोरला भाऊ चिडला की म्हणतो, आपल्या घराण्यात पळून येण्याचीच रीत आहे.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, अलिबागकडचे. पूर्वज नवगावला फुटलेल्या जहाजातून आले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली नाव पडलं, वगैरे तुम्ही वाचलं असेलच, ते पुन्हा उगाळत नाही.

छळ नव्हता, खरंय. पण माणूस मार पडला तरच घर सोडतो का? मग कोकणातले चाकरमानी मुंबईला कोणाच्या भीतीने गेले? तसेच आमचेही गेले. आतेभाऊ गेला म्हणून मामेभाऊ गेला, मुलींना स्थळं मिळेनात म्हणून अख्खी घरं गेली. स्वातंत्र्याच्या सुमारास आम्ही वीस हजारांच्या आसपास होतो, आता पाच हजारांच्या आत आहोत. धर्माचं म्हणाल तर 'पुढल्या वर्षी जेरुसलेममध्ये' असं म्हणत पिढ्या गेल्या. माझे आजोबाही म्हणायचे, आणि त्यांना अलिबागहून पेणला जायचं तरी जिवावर यायचं.

तरी ते गेले. बीरशेबाला राहिले. तिथे रंगावरून ऐकून घ्यावं लागलं. काळ्यांना काळा पाव, असं म्हणत, ते सांगायचे. शेवटी आमच्या लोकांनी धरणं धरलं, आम्हाला परत पाठवा म्हणून. 1952 मध्ये काही जणांना खरोखरच परत आणलं, त्यात आजोबा. पुढे त्यातलेच बरेच पुन्हा गेले, ही गंमत वेगळी. नंतर तिथल्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, आमच्या लग्नांवर शंका काढल्या, आजी-पणजी ज्यू होती का ते तपासा म्हणाले. 1964 ला जेरुसलेममध्ये आंदोलन झालं, तेव्हा कुठे सरकारने ठणकावलं की हे सर्वार्थाने ज्यूच. दोन हजार वर्षं शनिवार पाळला आणि मायदेश म्हणून गेलो तिथे आमच्याकडेच दाखला मागितला! हे मी दादाला सांगितलं की तो विषय बदलतो.

मी 1996 ला गेलो, दादाच्या हट्टापायी. दिमोना, नेगेवचं वाळवंट. सकाळी उल्पान, म्हणजे हिब्रूची शाळा, रात्री कापड गिरणीत पाळी. शेजारी रोहेकर, समोर पेणकर, वरच्या मजल्यावर भांडण मराठीत. परकं वाटावं असं काही नव्हतं, हे कबूल.

पण बिरड्याचा रोजा आला. तुम्हाला माहीत नसेल, हिब्रू पंचांगातल्या अव महिन्याच्या नवमीचा उपास, जेरुसलेमचं मंदिर पाडल्याचा शोक. आमच्याकडे तो बिरड्यावर सोडतात. वहिनीने वाल भिजवले, फडक्यात बांधले. कोकणात पावसाळी हवेत फडकं दोन दिवस ओलं राहतं, वाल कसे टरारून मोडावतात. तिथे तासाभरात फडकं कडकडीत. मी रात्रपाळीहून येऊन पाणी शिंपडायचो, वहिनी दुपारी शिंपडायची. तिसऱ्या दिवशी सोडलं तर निम्म्या वालांना मोडच नाहीत आणि उरलेल्यांची सालं निघेनात. दादा म्हणाला, "डब्यातले चणे घाल, काय फरक पडतो?" फरक पडतो रे बाबा. जेरुसलेमच्या मंदिरासाठी उपास धरायचा आणि अलिबागच्या वालावर सोडायचा, हाच आमचा धर्म आहे. दादाला हे आजही पटत नाही.

त्यातच बाबा गेले. दादाचं म्हणणं, घर आणि वाडी विकू, आईला इकडे आणू. आई फोनवर एवढंच म्हणाली, "दारावरचा मेजुझा काढून गिऱ्हाइकाला काय देऊ, किल्ली?" मेजुझा म्हणजे ज्यू घराच्या चौकटीला लावलेली प्रार्थनेची डबी. मी महिन्याची रजा काढून आलो तो राहिलोच. पक्की अलिया, म्हणजे ज्यू म्हणून तिथे कायमचं स्थायिक होणं, मी केलीच नव्हती, तात्पुरत्या रहिवाशाच्या कागदावर होतो. भारतीय पासपोर्ट सोडवेना. दादा म्हणतो तिथेच तुझी नियत कळली.

तुमच्यापैकी कोणी जायचा विचार करत असेल तर तिशीच्या आत जा, हिब्रू इथूनच शिकून जा आणि इथलं घर विकू नका. कोणी काही म्हणो, विकू नका. घर विकून गेलेले, परत येऊन मुंबईत भाड्याने राहून पस्तावलेले बघितलेत मी.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर दादा हे वाचून फोन करेल. त्याची मुलं तिथे उत्तम शिकली, एक इस्पितळात आहे, दुसऱ्याने सैन्यातली सक्तीची वर्षं निभावली. माझ्या मुलीला इथे समाजातलं स्थळ मिळता मिळेना. अलिबागच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊ जमले की आम्ही रस्त्याकडे तोंड करून बसतो, पनवेलहून कोणी निघालाय का फोन करतो. दिमोनात दहा माणसं जिन्यातच सापडायची. 2016 ला महाराष्ट्र सरकारने अल्पसंख्याकाचा दर्जा दिला, चांगलंच झालं, पण त्याने दहावा माणूस येत नाही.

आणि आई हे थोडं निमित्तच होतं. गिरणीत कपात चालली होती, पुढच्या यादीत माझं नाव असणार होतं. हे दादाला अजून सांगितलेलं नाही.

तो येतो दर दोन-तीन वर्षांनी. गेल्या खेपेला ओटीवर बसून बिरडं सोलत होता. जाताना चार किलो वाल नेले, आणि शेजारच्या वाडीचा भाव काय चाललाय ते हळूच विचारून गेला.