दहा ते तीनमधलं संग्रहालय

जपानातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावांत, म्हणजे ओन्सेन गावांत, लहान कलासंग्रहालयं बरीच आहेत. तिकडे निघालेल्या गोव्यातल्या वाचकांचे हे प्रश्न.

प्रश्न (पर्वरी): आम्ही दोघं टोकियोहून हाकोनेला एकच रात्र राहणार आहोत. संग्रहालय पहिल्या दिवशी पाहावं की दुसऱ्या? सोबत मोठ्या बॅगा असतील.

उत्तर: पहिल्या दिवशी, आणि आंघोळीच्या आधी. रिओकान, म्हणजे तिथलं पारंपरिक उतारगृह, खोली साधारण दुपारी तीनला देतं आणि सकाळी दहाला रिकामी करून घेतं. मधल्या वेळेत करायचं काय, हा ओन्सेन गावातला नेहमीचा प्रश्न. त्याचं सर्वांत चांगलं उत्तर संग्रहालय. उलट क्रम केला की फसगत होते. कुंडातलं पाणी बहुधा 40 ते 42 अंश सेल्सियस असतं. त्यात रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि नंतर मंद उजेडात तासभर उभं राहिलं की गरगरायला लागतं. त्यात पोटभर जेवण झालेलं असेल तर दुसऱ्या दालनातच डोळे मिटू लागतात.

टोकियोच्या शिंजुकू स्टेशनवरून रोमान्सकार गाडी साधारण दीड तासात हाकोने-युमोतोला पोचते. तिथून गोरापर्यंत डोंगरी रेल्वे. अंतर फक्त 8.9 किलोमीटर, पण वेळ जवळपास 40 मिनिटं. चढ इतका आहे की गाडी वाटेत तीनदा थांबून उलट्या दिशेने निघते. चुकीच्या गाडीत बसलो की काय, अशी शंका तिथे बहुतेकांना येते. उतरू नका. गोराला केबल कार धरून दुसऱ्या थांब्यावर, कोएन-कामीला उतरलात की हाकोने कला संग्रहालय समोरच आहे. 1952 साली सुरू झालेलं, मुख्यतः मातीच्या भांड्यांचं. बाग शेवाळाची आणि मेपलच्या झाडांची. दोन तास ठेवा, त्यातला निम्मा वेळ बागेसाठी. पावसात तिथल्या दगडी पायवाटा निसरड्या होतात. आपल्याकडच्या जुलैतल्या अंगणासारखं जपून चालायचं.

मोठी बॅग संग्रहालयापर्यंत नेऊच नका. तिथल्या लॉकरमध्ये पाठीवरची पिशवी मावते, ट्रंक नाही. युमोतो स्टेशनवरच सामान रिओकानला पोचवण्याची सेवा आहे. दुपारच्या आत दिलंत तर संध्याकाळपर्यंत तुमच्या मुक्कामी येतं, पैसे नगाप्रमाणे. किंवा आधी रिओकानला जा. खोली मिळाली नाही तरी बॅगा ठेवून घेतात.

प्रश्न (म्हापसा): तिथली संग्रहालयं सोमवारी बंद असतात, असं ऐकलं. खरं का?

उत्तर: पुष्कळशी, हो. आपला सोमवार शिवराक, म्हणजे शाकाहाराचा, त्यांचा सोमवार कुलूपबंद. सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर ती उघडी राहतात आणि मंगळवारी बंद असतात. पण ओन्सेन गावात या नियमावर विसंबू नका. वर सांगितलेलं हाकोने कला संग्रहालय आणि आतामी या दुसऱ्या ओन्सेन गावातलं एमओए संग्रहालय ही दोन्ही गुरुवारी बंद असतात.

वारापेक्षा घातक दुसरीच गोष्ट. लहान संग्रहालय प्रदर्शन बदलताना आठ-दहा दिवस पूर्ण बंद ठेवतात. मोठ्यांना एक मजला बंद करून भागवता येतं, यांच्याकडे दुसरा मजलाच नसतो. याला जपानीत 'तेन्जिगाए' म्हणतात, बंद दिवसाला 'क्यूकानबी'. हे दोन शब्द संग्रहालयाच्या जपानी पानावर शोधा. इंग्रजी पान पुष्कळदा मागे राहिलेलं असतं. वर्षअखेरीचे आणि नववर्षाचे दिवस तर टाळाच. 2 आणि 3 जानेवारीला टोकियो ते हाकोने अशी विद्यापीठांची रिले शर्यत असते, तेव्हा रस्ते बंद होतात आणि बस अडकतात.

आणखी एक. पाचला बंद म्हणजे शेवटचा प्रवेश साडेचारला. हिवाळ्यात काही ठिकाणी त्याहून लवकर. परतीची बस आधी पाहून ठेवा. संध्याकाळी डोंगरातल्या बसचं वेळापत्रक आपल्या गावाकडच्या कदंबाइतकंच विरळ असतं, फक्त ती वेळेवर सुटते.

प्रश्न (मडगाव): माहितीपत्रकावर सोनेरी पडद्याचं चित्र होतं. मैत्रीण तेच पाहायला गेली, तर ते मांडलेलंच नव्हतं. असं का?

उत्तर: कारण तो पडदा, म्हणजे घड्या घालून उभा ठेवायचा चित्रांचा आडोसा, कागदाचा आहे. जपानी चित्रं कागदावर किंवा रेशमावर काढलेली, रंग खनिजांचे आणि वनस्पतींचे, चिकटवायला प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेला सरस. उजेडाने रंग उडतात, कोरड्या हवेत सरस तडकतो. म्हणून दालनात 50 लक्सच्या आसपास, म्हणजे संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेइतका उजेड ठेवतात. राष्ट्रीय ठेवा ठरलेल्या अशा चित्रांना तर वर्षाकाठी साधारण 60 दिवसच बाहेर काढायचं, असा सरकारी दंडक आहे. उरलेले दहा महिने ती लाकडी पेटीत, अंधारात.

भांड्यांचं तसं नाही. भाजलेल्या मातीला आणि झिलईला उजेड बाधत नाही. आतामीच्या एमओएमध्ये हा फरक एकाच छपराखाली दिसतो. निन्सेइ या कुंभाराने केलेली, वेलीवरच्या फुलांची नक्षी असलेली चहापत्तीची बरणी तिच्या खास दालनात कायम असते. ओगाता कोरिन या चित्रकाराचे लाल आणि पांढऱ्या प्लम फुलांचे पडदे मात्र फुलांच्या मोसमातच, म्हणजे साधारण जानेवारीअखेरीपासून मार्चपर्यंत, बाहेर येतात. दोन्ही राष्ट्रीय ठेवे. तेव्हा एका चित्रासाठी जात असाल तर आधी चित्राच्या तारखा पाहा, मग विमानाचं तिकीट काढा. तारखा आधीच ठरल्या असतील तर भांड्यांचं संग्रहालय निवडा, तिथे निराशा होत नाही. आतामी टोकियोहून शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, पाऊण तासावर आहे. एमओए लहान नाही, पण तिथे जाच.

पडदा मांडलेला असेल तर तो उजवीकडून डावीकडे पाहायचा, त्यांच्या लिखाणासारखा. आणि थोडं खाली वाकून किंवा बाकावर बसून. तो तातामीच्या चटईवर बसलेल्या माणसासाठी केलेला असतो. उभ्याने पाहिला की घड्यांमुळे चित्रात दिसणारा खोलपणा हरवतो, वर काचेवर दिव्याचं प्रतिबिंबही येतं.

प्रश्न (वास्को): पाच वर्षांची मुलगी बरोबर आहे. अशा संग्रहालयात नेऊ का?

उत्तर: नको. तिला चोकोकु-नो-मोरी स्टेशनजवळच्या हाकोनेच्या खुल्या शिल्पसंग्रहालयात न्या. गोराच्या अलीकडचं स्टेशन. गवतावर पळायला जागा आहे, विणलेल्या जाळ्यांत मुलांना चढता-लोंबकळता येतं आणि पाय बुडवायला गरम पाणीही आहे.

प्रश्न (फोंडा): कुंडात उतरताना मंगळसूत्र, जोडवी काढावी लागतात का? आईला जोडवी काढणं पसंत नाही.

उत्तर: नियम म्हणून कोणी अडवणार नाही, पण चांदी काढाच. पाण्यात आणि हवेत गंधकाचा वायू असला की चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो आणि एका आंघोळीत ती काळी पडते. सगळ्या झऱ्यांना गंधक नसतो. युमोतोचं पाणी नितळ, तर गोराच्या काही ठिकाणी ओवाकुदानीच्या ज्वालामुखीकडून येणारं दुधाळ. पाण्याला सडक्या अंड्याचा वास आला की समजावं. 22 कॅरेटच्या सोन्याला सहसा काही होत नाही, मुलामा दिलेल्या दागिन्यांना होतं. आईंची जोडवी घट्ट असतील तर गोव्यातूनच साबण लावून सैल करून घ्या. गरम पाण्यात बोटं सुजतात आणि मग ती निघत नाहीत. काळी पडलीच तर भांड्यात अॅल्युमिनियमची फॉइल पसरून त्यावर चांदी ठेवा, चमचाभर खाण्याचा सोडा घाला आणि कढत पाणी ओता. पाच-दहा मिनिटांत थर उतरतो. मोती किंवा खडे बसवलेल्या दागिन्यावर हा उपाय करू नका.

दमा किंवा हृदयविकार असेल तर ओवाकुदानीला उतरू नये. तशा सूचनांच्या पाट्या तिथे आहेतच.

प्रश्न (पणजी): आत फोटो काढता येतात? आणखी काय पाळावं?

उत्तर: प्रत्येक दालनाचा नियम वेगळा. "शाशिन, दाइजोबु देसु का?" एवढं विचारा. कोवाकुदानीच्या ओकादा संग्रहालयात तर फोन आतच नेता येत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. म्हणजे फोनने पाट्यांचं भाषांतर करायचा बेतही बारगळतो. टिपणं घ्यायची तर शिसपेन्सिल न्या. पेनला बंदी असते, शाईचा थेंब पुसता येत नाही म्हणून. छत्री दारातल्या कुलपाच्या स्टँडला. लॉकरला 100 येनचं नाणं लागतं, बहुधा परत मिळतं. ते काढून घ्यायला विसरू नका. रोख पैसेही जवळ असू द्या. जुन्या घरातल्या संग्रहालयात चपला काढाव्या लागतात, तेव्हा पिशवीत मोजे हवेत.

प्रश्न (डिचोली): तिकडे गोव्याशी संबंधित काही पाहायला मिळेल?

उत्तर: मिळेल, पण हाकोनेत शोधत बसू नका. पोर्तुगीज व्यापाऱ्यांची गलबतं गोव्याहून मलाक्का, मकाव करत नागासाकीला जात. त्यांचं आगमन रंगवलेले 'नानबान' पडदे जपान्यांनी केले. फुगीर विजारी घातलेले पोर्तुगीज, पाद्री, डोक्यावर छत्र धरणारे सेवक, सगळं त्यात आहे. कोबे शहर संग्रहालयाकडे असा मोठा संग्रह आहे. जुन्या गोव्यात ज्यांचे अवशेष आहेत त्या फ्रान्सिस झेवियरचं 17 व्या शतकातलं जपानी चित्रही त्यांच्याकडेच. तेही कागदावरचं, म्हणून तारखा पाहूनच जा. मुक्काम अरिमा ओन्सेनला करा, कोबेपासून अर्ध्या-पाऊण तासावर आहे.

प्रश्न (साखळी): तिथून छापील चित्र आणलं तर आमच्या पावसात टिकेल?

उत्तर: टिकेल, पण चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर लावू नका. ती भिंत ओल धरते आणि हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांवर गेली की कागदावर बुरशी येते. घरातल्या मधल्या भिंतीवर, ऊन लागणार नाही असं लावा. फ्रेमवाल्याला सांगा की काच आणि चित्र यांच्यामध्ये आम्लविरहित पुठ्ठ्याची चौकट हवी. काच कागदाला टेकली की घाम धरून चित्र चिकटतं. लॅमिनेशन कधीच नाही. जून ते सप्टेंबर चित्र उतरवून, आडवं, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवलंत तर उत्तम. जेल महिन्याने मंद आचेवर कोरडं करून घ्या, नाहीतर ते असून नसल्यासारखं. प्रवासात पोस्टकार्डं मोडू नयेत म्हणून संग्रहालयाच्या दुकानातलाच प्लास्टिकचा क्लिअर फाइल घ्या. आणि गोव्यात पोचल्यावर चित्रं त्यातून काढा, पावसाळाभर तशीच ठेवू नका.