वाचक विचारतात: घरीच शिकणारी मुलं आणि शेळीची भकाळी

प्रश्न: आम्ही वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहतो. मुलांना (वय ६ आणि ९) घरीच शिकवतो. अशाच आणखी तीन कुटुंबांबरोबर एका भरवाडाच्या (इथल्या शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या समाजातल्या माणसाच्या) शेळ्या बघायला गेलो. मुलं पुढे झाली की शेळ्या पांगायच्या. एकीने धाकट्याला ढुशी मारली. अर्ध्या तासात सगळे कंटाळले. काय चुकलं?

उत्तर: सकाळी चरायला निघालेला कळप आणि त्यात एकदम शिरलेली आठ-दहा मुलं, इथेच गणित बिघडलं. भरल्या पोटी शेळ्या सावलीत बसतात ती वेळ त्या भरवाडालाच विचारून घ्या. एकच माणसाळलेली शेळी निवडा, ती मालकाने धरावी. बोकड नको, नुकती व्यालेलीही नको. एका वेळी दोनच मुलं, तीही बाजूने, तिला दिसतील अशी. हात आधी मानेवर किंवा खांद्यावर. कपाळ थोपटायचं नाही. शेळ्या आपसात कपाळानेच झुंजतात, तिथे दाब पडला की तीही उलट दाबते. धाकट्याला ढुशी बहुधा अशीच बसली असावी.

आता कंटाळ्याचं. नुसतं कुरवाळणं पाच मिनिटांत संपतं, हाताला काम हवं. शेळीच्या डाव्या कुशीत, शेवटच्या बरगडीमागे खळगा असतो, तीच भकाळी. तिथे मूठ हलकेच रोवून दोन मिनिटं गप्प उभं राहायचं. आतून मूठ हळूच बाहेर ढकलली जाते आणि परत आत जाते, मिनिटाला साधारण एक-दोनदा. पोटाचा पहिला, सगळ्यांत मोठा कप्पा चारा घुसळतोय तो हा असा. मग मान बघा: खालून एक गोळा वर सरकतो, जबडा आडवा फिरू लागतो, घोट गिळला जातो, क्षणभर थांबून पुढचा गोळा. एका गोळ्याला किती वेळा चावते ते नऊ वर्षांच्या मुलाने मोजून वहीत लिहावं. निदान पाच गोळे मोजल्याशिवाय सरासरीला अर्थ नाही.

दात मालकानेच ओठ उचलून दाखवावेत. पुढचे आठ दात फक्त खाली, वर नुसती टणक हिरडी. दातांवरून शेळीचं वय ओळखतात, दोन दाती, चार दाती म्हणजे काय ते तो बोटाने दाखवील. मुलांनी बोट आत घालू नये, दाढा धारदार असतात.

घरून पोळ्या, भात, धान्य नेऊ नका. सवय नसताना पिठूळ खाणं पोटात गेलं की ते झपाट्याने आंबतं, आम्ल वाढतं, शेळी दगावूही शकते. मालक घालतो तोच पाला द्या. परतताना साबणाने हात धुवायचेच, त्यासाठी पाच लिटरचा कॅन बरोबर ठेवा. मळलेल्या हातांवर सॅनिटायझर नीट चालत नाही. आणि कोणी प्रेमाने धारोष्ण दूध पुढे केलं, तरी उकळूनच प्यायचं. ब्रुसेलोसिस कच्च्या दुधातूनही होतो.

प्रश्न: घरी अभ्यासासाठी पोपट किंवा चांदणी कासव पाळलं तर?

उत्तर: नाही. आपल्याकडचे पोपट आणि चांदणी कासव दोन्हींना १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, पाळणं गुन्हा ठरतो. कुंडीतल्या लिंबावरचे सुरवंट पाळा. लहानपणी पक्ष्याच्या शिटेसारखे दिसतात, मोठेपणी हिरवे होतात, आणि काडीने हलकेच टोचलं की मानेतून दुभागलेलं शिंग काढून उग्र वास सोडतात. पाला फवारलेला नसावा.

प्रश्न: विश्वामित्री नदीतल्या मगरी मुलांना कधी, कुठून दाखवाव्यात?

उत्तर: हिवाळ्यात, ऊन चढल्यावर, पुलावरून आणि दुर्बिणीतून. रात्रभर गारठलेली मगर तेव्हा काठावर ऊन खात पडते. जबडा उघडा असला तर मुलं घाबरतात, पण तो राग नव्हे, शरीराचं तापमान सांभाळण्याची रीत आहे. काठावर उतरायचं नाही, कोणत्याच ऋतूत. उन्हाळ्यात मादी काठावर खड्डा करून घातलेली अंडी राखते, पावसाळ्यात पुराबरोबर मगरी वस्तीत येतात.

त्याच दिवशी कमाटीबागेतलं संग्रहालयही उरकता येईल. तिथे देवमाशाचा सुमारे ७० फुटी सांगाडा आहे. धाकट्याला त्याची लांबी पावलांनी मोजू द्या, मोठ्याला पावलांचे फूट करू द्या.