माळ्यावरची पितळी ताटं

प्रश्न : सासूबाईंची पितळेची ताटं-वाट्या माळ्यावर पडून आहेत, जेवायला वापरू का? आणि घरोघरी स्टील नेमकं आलं कसं? – एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : वापरा की, पण आधी कल्हई करून घ्या, नाहीतर ताक, चिंचेची आमटी असलं आंबट त्यात हमखास कळकतं आणि पोटालाही बरं नाही. आपल्या भांडी बाजारात चौकशी करा, कल्हईवाल्याचा पत्ता मिळेल. बघण्यासारखं काम असतं ते, भांडं भट्टीवर तापवायचं, नवसागर टाकला की पांढरा धूर, मग कथील लावून कापसाने फिरवलं की आतून एकदम चांदीसारखं लख्ख!

स्टेनलेस स्टील म्हणाल तर १९१३ साली इंग्लंडात शेफील्डला हॅरी ब्रिअर्लीने बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून धातूचे प्रयोग करताना गंज न धरणारं पोलाद बनवलं, त्यापासून सगळ्यात आधी सुऱ्या-काटे झाले. आपल्याकडे घरोघरी पोचलं ते बरंच नंतर, त्यात बोहारणीचा वाटा मोठा, जुन्या साड्या द्या नि पातेलं घ्या. ना कल्हई, ना चिंचेने घासणं, मग पितळ माळ्यावर जाणारच ना! आणि हो, मोडीत अजिबात घालू नका, भाव पाडूनच घेतात.