चार पंप, पण कोणते भाग एकच ठेवायचे?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुम्ही एक, दीड, दोन आणि तीन एचपीचे मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकाच शाफ्टवर असलेले) पंप करता आणि चौघांचे 'शक्य तितके' भाग एकच करायचे म्हणता. दिशा बरोबर आहे, पण 'शक्य तितके' डोक्यातून काढा.

आधी प्रत्येक पंप एकटाच बनवायचाय असं धरून त्याचं उत्तम डिझाइन काढा: स्टॅम्पिंगचा (मोटारीच्या गाभ्याच्या कापलेल्या पत्र्यांचा) व्यास, स्टॅकची (त्या पत्र्यांच्या थप्पीची) लांबी, शाफ्ट, बेअरिंग, इंपेलर (पाणी फेकणारं चाक). चारही आकडे शेजारी मांडा. मुळातच जवळ असलेले आकडे एक करा, लांबचे वेगळेच राहू द्या. मग एक केलेले आकडे पक्के धरून बाकीचं पुन्हा काढा. ही दुसरी फेरी बरेच जण गाळतात आणि मग मोटार तापते.

मोटारीत व्यास एक ठेवावा, लांबी बदलावी. पत्रे कापायच्या साच्याचा, म्हणजे डायचा, खर्च व्यासामागे असतो. लांबी पत्रे वाढवून मिळते. ब्लॅक अँड डेकरने १९७०च्या दशकात हेच केलं. ड्रिल असो की सँडर, मोटारीचा व्यास एकच. ६० पासून ६५० वॅटपर्यंतची ताकद स्टॅकची लांबी आणि वाइंडिंग बदलून काढली.

इंपेलरचं कास्टिंगही एक ठेवून लेथवर त्याचा व्यास उतरवता येतो, पण जपून. वेग तोच ठेवून व्यास १० टक्के कमी केला की हेड (पाणी चढवण्याची उंची) साधारण १९ टक्के पडतं. फार उतरवलं तर केसिंगमधली फट वाढून कार्यक्षमता जाते. तीन एचपीच्या इंपेलरमधून एक एचपीचा काढायच्या भानगडीत पडू नका.

आता बेअरिंग. लहान पंपांना ६२०३ नंबरचं बेअरिंग पुरत असताना सगळीकडे ६२०४ लावलं, तर बेअरिंगपाशी शाफ्ट १७ ऐवजी २० मिमी आणि कव्हरचं बोअर ४० ऐवजी ४७ होतं. बेअरिंगच्या किमतीत फार फरक नाही, पण शाफ्टचं मटेरियल आणि कव्हरचं वजन प्रत्येक नगावर वाढतं. तो जादा खर्च त्या मॉडेलच्या वर्षाच्या विक्रीने गुणा. सगळ्यात जास्त खपणारा पंप एक एचपीचाच असेल, तर त्याच्यावर मोठ्या पंपाचं ओझं टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

साठ्याचा फायदा मात्र तपासून घ्या. चार मॉडेलची मागणी सारखी आणि एकमेकांशी संबंध नसलेली असेल, तर सामायिक भागाचा राखीव साठा निम्म्यावर येतो. आपल्याकडे उन्हाळ्यात विहिरी खाली गेल्या की चारही पंपांना एकदमच मागणी येते, म्हणजे तेवढी बचत होणार नाही. सुट्या स्टॅम्पिंगचा साठा फेब्रुवारी ते मेच्या विक्रीवर ठरवा, वर्षाच्या सरासरीवर नको. महिनावार आकडे इथे टाका, हिशोब मांडून देतो.