अभिनेत्यांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत? आधी लेखकांकडे जा

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय इतिहास. माझा आवाज चांगला आहे असं सगळे म्हणतात आणि महाविद्यालयातल्या कार्यक्रमांचं निवेदन बहुधा माझ्याकडेच येतं. मला रेडिओवर अभिनेत्यांच्या आणि कथेतर पुस्तकं लिहिणाऱ्या लेखकांच्या, त्यांच्या कामाबद्दलच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. त्यासाठी आवाजाचं प्रशिक्षण घेऊ की पत्रकारितेची पदव्युत्तर पदवी? बाबा म्हणतात, रेडिओचे दिवस संपले आणि मुलाखती घेणं ही काही नोकरी नव्हे. त्यांना काय सांगू?

उत्तर : बाबांचं निम्मं म्हणणं बरोबर आहे, ते आधी मान्य करून टाक. 'मुलाखतकार पाहिजे' अशी जाहिरात तुला क्वचितच दिसेल. एका कार्यक्रमाला एक सूत्रधार असतो आणि तो सहसा जागा सोडत नाही. रॉय प्लमली यांनी बीबीसीवर 1942 मध्ये 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' हा मुलाखतींचा कार्यक्रम सुरू केला आणि 1985 मध्ये मृत्यू येईपर्यंत तेच तो करत होते. कॅनडात सीबीसीवर एलेनॉर वॉक्टेल यांनी लेखकांच्या मुलाखतींचा कार्यक्रम 1990 पासून 2023 पर्यंत सांभाळला. अमेरिकेत टेरी ग्रोस 1975 मध्ये 'फ्रेश एअर' या रेडिओवरच्या मुलाखतींच्या कार्यक्रमात आल्या, त्या अजून आहेतच. अशा एखाद्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलीस तर केस पिकतील.

पण त्या खुर्चीमागे चार-पाच माणसं राबत असतात. कोणाला बोलवायचं ते ठरवणारा, पुस्तक आधी वाचून टिपणं काढणारा, पाहुण्याशी फोनवर बोलून अंदाज घेणारा, ध्वनिमुद्रणानंतर काटछाट करणारा आणि या सगळ्याची मोट बांधणारा निर्माता. नोकऱ्या आहेत त्या इथे. बऱ्याचदा कंत्राटी असतात, सुरुवातीचा पगार बेताचा असतो. हेही बाबांपासून लपवू नकोस. रेडिओचे दिवस संपले की नाही यावर मी वाद घालणार नाही, कारण तुझ्यापुरता तो मुद्दा गौण आहे. तीच मुलाखत आज हवेतूनही ऐकली जाते आणि पॉडकास्ट म्हणून फोनवरही, आणि ती तयार करायचं काम दोन्हीकडे सारखंच आहे.

आता आवाजाबद्दल. तुझ्या पत्रात आवाजाचा उल्लेख सर्वांत आधी आला, म्हणून थोडं स्पष्ट लिहिते. शिकागोच्या डब्ल्यूएफएमटी केंद्रावर स्टड्स टर्केल यांनी 1952 ते 1997 अशी पंचेचाळीस वर्षं मुलाखती घेतल्या. नट, लेखक, संगीतकार, कामगार, सगळ्यांच्या. त्यांचा आवाज खरखरीत होता. ते शिकले होते कायदा. पण लेखक स्टुडिओत येई तेव्हा त्याचं पुस्तक टर्केल यांच्या हातात खुणांनी आणि अधोरेखनांनी भरलेलं असे, आणि आपलं पुस्तक या माणसाने खरंच वाचलंय हे दिसलं की लेखक वेगळाच बोलू लागे. टेरी ग्रोसही पत्रकारितेच्या पदवीतून आल्या नाहीत. त्या शाळेत शिकवायला गेल्या होत्या आणि ती नोकरी काही आठवड्यांतच सुटली. श्वास कुठे घ्यायचा, माइकजवळ कसं बोलायचं, एवढं शिकण्यापुरती एखादी छोटी कार्यशाळा जरूर कर. त्यावर वर्ष घालवू नकोस. निवेदनात तू बोलतेस आणि लोक ऐकतात. मुलाखतीत नेमकं उलटं असतं, आणि सवय झालेल्या निवेदकांना तेच सर्वांत जड जातं.

याउलट मत असणारे नामांकित लोकही आहेत. अमेरिकी मुलाखतकार लॅरी किंग लेखकाचं पुस्तक न वाचता मुलाखत घेत आणि ते अभिमानाने सांगत. श्रोत्यानेही ते वाचलेलं नसतं, मग मी त्याच्याच पायरीवर उभा राहून विचारतो, असा त्यांचा युक्तिवाद. माणूस कोण आहे, कसा आहे, एवढंच काढायचं असेल तर हे चालतं. तुला 'त्यांच्या कामाबद्दल' विचारायचंय. न वाचता कामाबद्दल काय विचारणार? नवशिक्याने ही पद्धत उचलली तर तो निव्वळ आळस ठरतो.

वाचण्याने काय होतं ते 2019 च्या मे महिन्यात बीबीसी रेडिओ 3 वर दिसलं. अमेरिकी लेखिका नाओमी वुल्फ एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनमधल्या समलैंगिकांवरच्या खटल्यांविषयीचं आपलं नवं पुस्तक घेऊन 'फ्री थिंकिंग' या कार्यक्रमात आल्या होत्या. जुन्या न्यायालयीन कागदांत अनेक खटल्यांपुढे 'मृत्युदंडाची नोंद' अशा अर्थाचा शेरा होता आणि त्यांनी त्यावरून त्या माणसांना फाशी झाली असं लिहिलं होतं. मुलाखत घेणारे मॅथ्यू स्वीट हे त्याच काळाचे अभ्यासक. त्यांनी पुस्तकातले खटले लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाच्या नोंदींशी आणि त्या वेळच्या वर्तमानपत्रांशी ताडून पाहिले होते. त्यांनी शांतपणे निदर्शनास आणलं की 1823 पासून हा शेरा म्हणजे न्यायाधीशाला शिक्षा प्रत्यक्ष न सुनावण्याची दिलेली मुभा होती, आणि ज्याला शेरा मिळाला तो फासावर गेला असं त्यातून निघत नाही. पुस्तकातला एक चौदा वर्षांचा मुलगा तर पुढे सुटलेला होता. वुल्फ यांनी हे तपासायला हवं असं तिथेच म्हटलं. अमेरिकी प्रकाशकाने आधी आवृत्ती लांबणीवर टाकली आणि त्याच वर्षी रद्द केली.

ही मुलाखत शोधून ऐक. स्वीट सूर चढवत नाहीत, जिंकल्याचा आनंदही दाखवत नाहीत. आणि त्यांच्याकडे त्या दिवशी जे हत्यार होतं ते तुझ्या अभ्यासक्रमात आहे : मूळ कागद उघडून पाहण्याची सवय. इतिहासाची पदवी ही या क्षेत्रात येण्यातली अडचण आहे असं तुझ्या पत्रावरून तुला वाटत असावं. मला ती तुझी सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते.

म्हणूनच माझा सल्ला आहे की सुरुवात कथेतर लेखकांपासून कर, अभिनेते नंतर. लेखकाचं काम छापील आहे, तुझ्या टेबलावर आहे, त्याला पानं आहेत, तळटिपा आहेत, सूची आहे. तुला ते तपासता येतं. शिवाय असे बहुतेक लेखक भेटायला तयार असतात, कारण पाच-सात वर्षं एका विषयात घालवल्यावर त्याबद्दल नीट विचारणारं माणूस त्यांना फारसं भेटत नाही. अडचण वेगळीच असते. त्यांना फार माहीत असतं. एका प्रश्नाला सहा मिनिटांचं उत्तर येतं, त्यात वीस नावं असतात आणि गाडी चालवता चालवता ऐकणारा श्रोता दुसऱ्याच नावाला हरवलेला असतो. तिथे मधे पडून 'हे कोण?' असं विचारायला लाजायचं नाही, तुला ते माहीत असलं तरी. श्रोत्यासाठी अडाणी व्हायची ही तयारी आणि पुस्तक पूर्ण वाचलेलं असणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात.

विचारायचं काय? पुस्तकाचा सारांश नको, तो मलपृष्ठावर छापलेला असतो आणि लेखकाला पाठ असतो. 'हे तुम्हाला कळलं कसं?' हा माझ्या मते कथेतर लेखकाला विचारण्याजोगा सर्वांत फलदायी प्रश्न आहे. या खोलीत फक्त दोघंच होते, मग त्यांचं संभाषण तुमच्या पुस्तकात कुठून आलं? कोणाची साक्ष घेतली, कोणाची सोडली? काय सापडलं पण वापरता आलं नाही? लिहिताना कोणतं मत बदलावं लागलं? अशा प्रश्नांवर लेखक क्षणभर थांबतो. ते थांबणं संकलनात कापू नकोस. रेडिओवर विचार करणारा चेहरा दिसत नाही, दिसते ती फक्त ती दोन-तीन सेकंदांची शांतता.

अभिनेत्यांकडे जाताना रस्ता अरुंद असतो. मोठा अभिनेता बहुधा नवीन काम प्रदर्शित होतानाच भेटतो. त्या दिवशी त्याच्या एकापाठोपाठ दहा-पंधरा मिनिटांच्या मुलाखती लावलेल्या असतात, प्रसिद्धी सांभाळणारं माणूस घड्याळ पाहत बाजूला बसलेलं असतं, आणि 'अनुभव कसा होता?' याचं उत्तर तो सकाळपासून देत असतो. ते उत्तर खोटं नसतं, पण घासून गुळगुळीत झालेलं असतं. शिवाय तो अभिनेता आहे. मनमोकळं बोलत असल्याचा भास निर्माण करणं हे त्याचं शिकलेलं काम आहे. 'डेझर्ट आयलंड डिस्क्स'च्या सुरुवातीच्या, युद्धकाळातल्या मुलाखती तर चक्क आधी लिहून काढून वाचल्या जात. पहिला पाहुणा होता अभिनेता आणि विनोदवीर विक ऑलिव्हर. अशा माणसाला लिहिलेल्या गप्पा सहज मारणं काय कठीण?

इथे छोट्या जागेवर बोट ठेवावं लागतं. एक प्रसंग निवडायचा, फारतर दोन. 'भूमिकेची तयारी कशी केली?' यापेक्षा 'त्या प्रसंगात बातमी कळल्यावर तुम्ही पाठ फिरवता, ते संहितेत होतं का?' हे विचारून बघ. होतं म्हणाला तर पुढचा प्रश्न तयार, नव्हतं म्हणाला तर त्याहून चांगला प्रश्न तयार. प्रसंगाची ध्वनिफीत वाजवणार असशील तर आधी डोळे मिटून ऐक. चित्राशिवाय कळत नसेल तर ती कितीही गाजलेली असली तरी सोडून दे. आणि वापरायची परवानगी कोणाकडून लागते ते विचारून ठेव. रेडिओला एक गोष्ट छान जमते : अभिनेत्याला तेच वाक्य दोन तऱ्हांनी म्हणायला सांगता येतं, आधी तालमीत म्हटलं होतं तसं आणि मग शेवटी ठेवलं तसं. त्यावर पाच मिनिटं बोलणं होऊ शकतं आणि ते दुसऱ्या कुठल्याही मुलाखतीत आलेलं नसतं.

नाव मोठंच हवं हा हट्टही धरू नकोस. चरित्र अभिनेते, रंगभूमीवर वर्षानुवर्षं दुय्यम भूमिका करणारे, डबिंग करणारे लोक कामाबद्दल कितीतरी नेमकं बोलतात. त्यांना कोणी विचारलेलं नसतं म्हणून असेल.

खासगी आयुष्याचा प्रश्न कधीतरी येणारच. टेरी ग्रोस ध्वनिमुद्रणाआधी पाहुण्याला सांगून ठेवतात की एखादा प्रश्न फार खासगी वाटला तर तसं म्हणा, मी पुढे जाईन. राजकारण्यांना मात्र ही सवलत नाही. तू हीच रीत ठेव. विषय आधी कळवावेत, प्रश्न कळवू नयेत, या मताची मी आहे. प्रश्न दिले की उत्तरं लिहून आणली जातात. तसंच निर्मात्याच्या माणसाने पाहुण्याशी आधी बोलताना सगळं काढून घेऊ नये. चांगला किस्सा एकदा फोनवर सांगून झाला की माइकसमोर तो 'मघाशी म्हटलं तसं' होऊन येतो. आणि संकलन करताना एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला कधीही जोडायचं नाही, ऐकायला कितीही बरं वाटलं तरी.

यंत्राचं थोडक्यात. माइक तोंडापासून मूठभर अंतरावर आणि किंचित बाजूला, म्हणजे 'प' आणि 'भ' फुटत नाहीत. कानाला हेडफोन हवाच. खोलीतली नुसती शांतता अर्धा मिनिट मुद्रित करून ठेव, कापलेल्या जागा सांधायला लागते. पाहुणा दुसऱ्या गावी असेल तर दोघांनी आपापल्या टोकाला मुद्रण करायचं आणि नंतर जुळवायचं. फोनवर जादा मुद्रण चालू असू दे. टर्केल यांचं टेपरेकॉर्डरशी कधी पटलं नाही आणि चुकीचं बटण दाबल्याने काही मोठ्या लोकांच्या मुलाखती गेल्या, हे ते स्वतःच सांगत.

राहिला पदवीचा प्रश्न. पत्रकारितेचा अभ्यासक्रम घ्यायचा तर माहितीपत्रक बाजूला ठेव आणि दोनच गोष्टी बघ : तिथे चालू स्थितीतला स्टुडिओ विद्यार्थ्यांना वापरू देतात का, आणि मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी केलेले कार्यक्रम ऐकायला मिळतात का. दोन्हींना हो असेल तर जा. बदनामीचा कायदा, स्वामित्व हक्क, स्रोताची गुप्तता या गोष्टी तिथे नीट शिकवल्या जातात आणि त्या स्वतःच्या स्वतः शिकताना चुका महागात पडतात. उत्तर नाही असेल तर इतिहासातच एम.ए. कर आणि बरोबरीने विद्यापीठाच्या किंवा सामुदायिक रेडिओवर काम कर. कोणत्याही वाटेने गेलीस तरी अर्ज करताना तुझ्याजवळ पूर्ण संकलित केलेल्या सात-आठ मुलाखती असल्या पाहिजेत. आणि अर्ज सूत्रधार होण्यासाठी करू नकोस. साहाय्यक निर्माता, संशोधक अशा जागांसाठी कर. तिथे दोन-तीन वर्षं दुसऱ्यासाठी प्रश्न काढलेस की कोणता प्रश्न हवेत विरून जातो ते कळायला लागतं.

परीक्षा संपेपर्यंत थांबायचं कारण नाही. तुझ्याच विभागात पुस्तक प्रसिद्ध झालेले कोणी प्राध्यापक असतील. ते पुस्तक तळटिपांसकट वाच. चाळीस प्रश्न लिही, मग त्यातले बत्तीस काढून टाक. चाळीस मिनिटं मुद्रण कर आणि सगळं स्वतः ऐकून शब्दन् शब्द उतरव. त्याला बोलण्याच्या चौपट वेळ लागतो, पण आपण कुठे पाहुण्याचं वाक्य तोडलं हे त्याशिवाय दिसत नाही. मग त्याची बारा मिनिटं कर. प्राध्यापकांना वेळ मागणारं पत्र लिहिताना 'आपलं पुस्तक फार आवडलं' असं लिहू नकोस, अमुक पानावरच्या अमुक विधानाबद्दल विचारायचंय असं लिही.