“मॅडम, परत उभं राहू की नको?”

मी समुपदेशक. २०२५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, महापालिका निवडणुकीच्या तोंडावर, माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येत राहिला. परत उभं राहू का? तीन माजी नगरसेवक आले, एका नगरसेवकाची बायको आली, एका पतसंस्थेचे संचालक आले आणि सोसायटीचे सेक्रेटरी तर दरवर्षी येतातच. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहावं. यातल्या एका ताईंची गोष्ट त्यांना विचारून, ओळख पटेल असं सगळं बदलून सांगतेय.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण यावेळचा गोंधळ नेहमीसारखा नव्हता. फेब्रुवारी २०१७ ला निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचा वाद कोर्टात गेला, निवडणूक पुढे पुढे ढकलली गेली आणि महापालिकेत प्रशासक बसले. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. म्हणजे मधली जवळजवळ चार वर्षं ही माणसं ना नगरसेवक होती ना मोकळी. पद गेलं, पण पाणी आलं नाही की फोन यांनाच. असं अधांतरी राहण्याचा माणसावर काय परिणाम होतो याचा विचार कोणी केला नाही असं मला वाटतं, मला तो समोर बसून दिसला.

तर या ताई. वय शेहेचाळीस. २०१७ ला त्यांच्या प्रभागातली जागा महिलांसाठी राखीव झाली आणि तयारी करत असलेल्या मिस्टरांच्या ऐवजी या उभ्या राहिल्या. तू फक्त सही कर, बाकी मी बघतो, असं ठरलेलं. आपल्याकडे २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत, त्यामुळे हे वाक्य किती घरांत बोललं गेलं असेल ते वेगळं सांगायला नको. पहिलं वर्ष तसंच गेलं. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात टाकीवरच्या व्हॉल्व्हमनशी त्या स्वतः बोलायला लागल्या, कुठल्या गल्लीला किती वाजता सोडतो, कुठला व्हॉल्व्ह नीट बसत नाही, आणि मग प्रभाग समितीच्या बैठकीत इंजिनीअर काहीतरी सांगायला लागले की या उठून म्हणायच्या, साहेब, तिथे चार इंची लाइन आहे, सहा इंची नाही. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला होता, मी ते टिपून ठेवलं.

त्या आल्या तेव्हा झोप नव्हती, ॲसिडिटी वाढलेली आणि एकच घोषा. “लोकांचा खूप आग्रह आहे मॅडम.”

“कोणाकोणाचा? नावं सांगा.”

त्यांनी बोटावर मोजली. सहा झाली. सहापैकी चार मिस्टरांचे दोस्त.

पुढच्या भेटीत म्हणाल्या, “हरले तर तोंड कसं दाखवणार? आणि उभीच नाही राहिले तर म्हणतील घाबरली.”

“समजा कोणीच काही म्हणणार नाही. मग?”

“असं होतच नाही ना मॅडम.”

“नसेल होत. पण समजा.”

यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, आणि मला तेच बघायचं होतं. मी ज्या विचारांत घडले ते अल्बर्ट एलिसचे. त्यात एक साधी गोष्ट पहिल्यांदा शिकवतात, की आपल्याला त्रास प्रसंगाने होतो त्याहून जास्त त्या प्रसंगाबद्दल आपण मनात जे वाक्य म्हणतो त्याने होतो. ताईंच्या मनातलं वाक्य होतं, उभी राहिले तर निवडून आलंच पाहिजे, आणि नाही आले तर माझी सगळी पाच वर्षं फुकट. बघा, निवडून यावंसं वाटणं वेगळं आणि आलंच पाहिजे वेगळं. त्या एका ‘च’ने झोप उडवलेली.

तिसऱ्या वेळी त्यांनी पळवाट आणली. “तिकीट मिळालं तर उभी राहते, नाही मिळालं तर विषय संपला.”

“एबी फॉर्म, म्हणजे पक्षाचं उमेदवारीचं पत्र, कधी येतं?”

“शेवटच्या दिवशी. कधी कधी शेवटच्या तासात.”

“म्हणजे तोपर्यंत तुमचं मन पक्षाच्या ऑफिसात ठेवायचं.” त्या हसल्या आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं. मग मी विचारलं, फॉर्म नाहीच आला तर त्या संध्याकाळी कसं वाटेल? म्हणाल्या, सुटले असं वाटेल. थोडं थांबून म्हणाल्या, “पण रात्री झोप नाही येणार.”

मला तिथे धागा सापडला. लोकांना वाटतं की समुपदेशक उत्तर देतो, पण आम्ही फक्त असं एखादं वाक्य निसटू देत नाही.

त्यांनी बोलता बोलता एका वहीचा उल्लेख केला होता. निवडून आल्यापासून आलेली प्रत्येक तक्रार त्या लाल पुठ्ठ्याच्या वहीत लिहायच्या, तारीख, गल्ली, काम आणि शेवटच्या रकान्यात काय झालं ते. मी म्हटलं ती घेऊन या. पाच वह्या निघाल्या. मी म्हटलं कुठलंही पान काढा आणि मला वाचून दाखवा, मोठ्याने.

त्यांनी २०१९ चं पान काढलं. चेंबरचं झाकण, झालं. शाळेमागचा दिवा, झालं. आजींचा रहिवासी दाखला, झालं. भिंतीलगतचा राडारोडा, झालं. वाचताना मजा यायला लागली त्यांना, प्रत्येक ‘झालं’मागे एक गोष्ट होती. मग शेवटची वही घेतली, मार्च २०२२ नंतरची. मला वाटलेलं की ती रिकामी असेल. भरलेली होती. पाइप फुटला, सांगितलं. कचरागाडी येत नाही, सांगितलं. ड्रेनेज, सांगितलं. परत ड्रेनेज, परत सांगितलं. सहा-सात ओळी वाचल्या आणि त्या थांबल्या. बोट त्या शब्दावरच होतं.

बावीस वर्षांच्या कामात एक गोष्ट माझ्या अंगात भिनलीये, अशा वेळी आपण बोलायचं नाही. मी बोलले नाही. दोन-तीन मिनिटं गेली असतील, खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता तेवढाच आवाज. मग त्या म्हणाल्या, “मॅडम, मला परत ‘झालं’ लिहायचंय.”

ताई ही हाक किंवा गाडीवरचा बोर्ड परत मिळावा म्हणून नाही. झालं लिहायचंय. इतके आठवडे आम्ही शोधत होतो ती इच्छा ही, आणि ती त्यांच्याच अक्षरात इतकी वर्षं पडून होती! मलाही त्या दिवशी एक गोष्ट स्वच्छ कळली. पद हवंय आणि काम हवंय या दोन इच्छा बाहेरून अगदी सारख्या दिसतात, स्वतः माणसालाही ओळखू येत नाहीत. बोलण्यात शंभर कारणं येतात, पण कशाची चुटपुट लागते ते बघितलं की खरं कारण सापडतं. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच विचारते.

एक भेट मिस्टरांबरोबर झाली. आरक्षणाच्या सोडतीत यावेळी प्रभागातली एक जागा खुली पडली होती आणि त्यांचं म्हणणं, आता मी उभा राहतो, हिला किती त्रास द्यायचा. माणूस वाईट नाही, खरंच काळजीने बोलत होते. ताई शांतपणे म्हणाल्या, “अहो, त्रास आहे का नाही ते मला विचारा ना. इतकी वर्षं तुम्हीच ठरवताय.” ते गप्प झाले. बाहेर जाताना ताईंच्या वह्यांची पिशवी मिस्टरांनी उचलून घेतली.

ताईंनी डिसेंबरात अर्ज भरला. तिकिटाची वाट न बघता आधीच ठरवून, आणि हरल्या तरी वही चालू ठेवायची असंही ठरवून. निकाल लिहीत नाही, ओळख पटेल.

आता जे लोक या फेऱ्यात अडकलेत, पद नगरसेवकाचं असो की गणेश मंडळाचं, त्यांना माझं सांगणं. निवडून येईन का हा प्रश्न आणि उभं राहायचं का हा प्रश्न वेगळे करा, पहिल्याचं उत्तर मतदार देतील, दुसऱ्याचं त्यांच्या हातात देऊ नका. लोकांचा आग्रह म्हणताना नावं लिहून काढा. खर्चाचा आकडा घरातल्या सगळ्यांसमोर कागदावर मांडा, कर्ज काढून उभं राहायची वेळ येत असेल तर ती अडचण मनाची नाही, पैशाची आहे आणि तिला तसंच बघा. हरण्याचं दुःख होणारच, ते होऊ नये अशी अट घालून कोणी मैदानात उतरू नये. आणि निर्णयाची तारीख तुम्ही ठरवा, शेवटच्या दिवसावर सोडू नका. थांबायचं ठरलं तरी ते स्वतःच्या तोंडाने चार माणसांना सांगा, नाहीतर अफवा ते सांगतात आणि मग जास्त लागतं.

आणि थांबणं म्हणजे हार असं मी मानत नाही. त्याच महिन्यात आलेले एक काका, तीन टर्म नगरसेवक. त्यांनाही मी तेच विचारलं, कशाची चुटपुट लागते? बराच विचार करून प्रामाणिकपणे म्हणाले, सकाळी अकराला घरासमोर माणसं जमायची, त्याची. कामं आता झेपत नाहीत, सभागृहात बसवत नाही, गुडघे दुखतात. मग आम्ही त्या अकरा वाजण्याचं काय करायचं यावरच बोललो. ते उभे राहिले नाहीत. पहिले पंधरा दिवस फार जड गेले, फोन वाजेना. आता ओटीवर टेबल टाकून बसतात, रेशन कार्डाचे, संजय गांधी निराधारचे फॉर्म भरून देतात. परवा फोन आला होता, म्हणाले, “मॅडम, चहा अजून चार कपच ठेवायला सांगतो. आज तीन लागले.”